साठ-सत्तरच्या वेगाला थरथरणारी ऑटोमॅटिक गाडी: ऑइल बदललं तरी त्रास परत का येतो

तक्रार साधारण अशी असते. गाडी ऑटोमॅटिक, ऐंशी हजार ते दीड लाख किलोमीटर चाललेली. सकाळी घरून निघाल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर काहीच नाही. जळगावहून धुळ्याकडे निघालात, पाळधी मागे पडली, वेग साठ ते ऐंशीमध्ये स्थिर झाला, ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच आहे, आणि गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यावर जशी थरथरते अगदी तशी. पाय जोरात दाबला की थांबते, पूर्ण सोडला की थांबते, पुन्हा वेग स्थिर झाला की पुन्हा सुरू. मार्च संपता संपता हे सुरू होतं, एप्रिल-मेमध्ये वाढतं, पावसाळ्यात जवळजवळ नाहीसं होतं आणि पुढच्या चैत्रात परत हजर.

या तक्रारीवर लोकांचा फार पैसा वाया जातो, म्हणून सविस्तर लिहितो. व्हील बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं, प्लग नाहीतर इंजेक्टर बदलले जातात, इंजिनचे माउंट बदलले जातात. शेवटी कोणीतरी सांगतं की गिअरबॉक्स गेला, नवा टाका. बहुतेक वेळा गिअरबॉक्स गेलेला नसतो. थरथर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचची असते आणि तिचं मूळ ऑइल आणि उष्णता या दोन गोष्टींत असतं. यातली एकच गोष्ट दुरुस्त केली तर त्रास काही दिवस दबतो आणि परत येतो.

आधी एक खात्री करून घ्या. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी आहे. वॅगन-आरसारख्या एएमटी गाड्यांमध्ये कन्व्हर्टर नसतोच. तिथे साध्या क्लच प्लेटलाच मोटरने चालवलेलं असतं. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक, स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिक, इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक, २०२२ नंतरची ब्रेझा आणि एर्टिगा ऑटोमॅटिक या कन्व्हर्टरच्या गाड्या आहेत. नावं फक्त ओळखीसाठी दिली. दोष कुठल्याही एका गाडीचा नाही, हे यंत्रच सगळीकडे सारखं चालतं.

कन्व्हर्टरच्या आत काय चालतं

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट असते. इथे त्या जागी ऑइलने भरलेला, वेल्डिंगने बंद केलेला गोल पोलादी डबा असतो. डब्याची पुढची बाजू फ्लेक्स प्लेट नावाच्या पातळ पोलादी चकतीमार्फत इंजिनला बोल्टने जोडलेली, त्यामुळे इंजिन फिरलं की डबा फिरणारच. डब्याच्या मागच्या भिंतीला आतून पाती असतात, त्यांना इम्पेलर म्हणतात. डबा फिरला की ही पाती ऑइलला मधून बाहेरच्या कडेकडे फेकतात. तिथून ऑइल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं. टर्बाइन डब्याला जोडलेलं नाही. ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेलं आहे. ऑइलच्या माऱ्याने ते फिरतं आणि गाडी चालते. सिग्नलला ब्रेक दाबला की टर्बाइन थांबतं, डबा मात्र इंजिनबरोबर फिरत राहतो, म्हणून इंजिन बंद पडत नाही.

एवढंच असतं तर ती नुसती फ्लुइड कपलिंग झाली असती. खरी करामत स्टेटरची आहे. टर्बाइनमधून परत येणारं ऑइल उलट्या दिशेने वळलेलं असतं. ते तसंच इम्पेलरवर गेलं तर इंजिनलाच अडवेल. मध्ये बसलेला स्टेटर त्याला वळवून इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. त्यामुळे गाडी जागेवरून उठताना चाकांकडे जाणारा टॉर्क इंजिनच्या टॉर्कपेक्षा जास्त होतो, मोटारींमध्ये साधारण दुपटीच्या आसपास. चढावर भरलेली गाडी ब्रेक सोडून हळूच निघते ती याच जोरावर. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत पोचला की ऑइल स्टेटरच्या पात्यांच्या पाठीवर आदळू लागतं. तेव्हा स्टेटरखालचा एकाच दिशेने फिरू देणारा वन-वे क्लच सुटतो आणि स्टेटरही सगळ्यांबरोबर फिरू लागतो. आता टॉर्क वाढत नाही, नुसता पोचवला जातो.

हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन भराभर फिरायचं, पंखा सावकाश फिरायला हवा होता आणि मधले दातेरी गिअर त्या ताकदीला टिकत नव्हते. अमेरिकेत १९४८ च्या ब्युइक मोटारींत तो डायनाफ्लो या नावाने आला. तेव्हापासून मूळ रचना बदललेली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

त्या रचनेत एक उणीव कायमची आहे. केवळ ऑइलच्या जोरावर फिरणारं टर्बाइन इम्पेलरच्या थोडं मागेच राहतं. स्थिर वेगालासुद्धा काही टक्के घसरण राहते आणि घसरण म्हणजे उष्णता आणि वाया गेलेलं इंधन. म्हणून आजच्या कन्व्हर्टरमध्ये टर्बाइन आणि डब्याची पुढची भिंत यांच्या मध्ये लॉकअप क्लच असतो. त्याच्या प्लेटवर कागदासारख्या तंतूंचं, चिकटवलेलं घर्षण अस्तर असतं. गाडीने ठरावीक वेग गाठला, ऑइल गरम झालं, पाय हलका आहे असं कॉम्प्युटरने पाहिलं की तो सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने, ऑइलचा दाब बदलतो. प्लेट भिंतीला चिकटते आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात.

थरथर नेमकी इथे जन्मते. मायलेज मिळावं म्हणून हल्ली लॉकअप कमी वेगालाच लावतात आणि इंजिनचे झटके आत येऊ नयेत म्हणून तो पूर्ण घट्ट लावत नाहीत. प्लेट आणि भिंत यांच्यात २० ते ५० आरपीएमचा फरक मुद्दाम ठेवतात. म्हणजे तुम्ही निवांत सत्तरने चाललेले असता तेव्हा ते अस्तर सतत थोडं थोडं घसरत असतं. हे घसरणं गुळगुळीत राहावं यासाठी एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये, फ्रिक्शन मॉडिफायर ही घर्षण सांभाळणारी रसायनं घातलेली असतात. हे मॉडिफायर चांगले असतात तोवर घसरण्याचा वेग वाढला की घर्षणही थोडं वाढतं, त्यामुळे प्लेट स्वतःच सावरते. उष्णतेने ते संपले की नेमकं उलट होतं. वेग वाढला की पकड कमी होते, वेग कमी झाला की पकड एकदम वाढते. प्लेट धरते, सुटते, धरते, सुटते, सेकंदात कित्येकदा. ही धरसोड तुम्हाला स्टिअरिंगमध्ये आणि सीटखाली जाणवते.

म्हणूनच पाय जोरात दाबला की थरथर थांबते, कारण कॉम्प्युटर लॉकअप सोडून देतो. आणि म्हणूनच सकाळच्या पहिल्या किलोमीटरांत ती नसते, कारण ऑइल थंड असताना लॉकअप लागतच नाही.

खरंच लॉकअप आहे का, हे कसं ओळखायचं

सोपी तपासणी ब्रेकची. मोकळा, सरळ रस्ता निवडा. पारोळ्याच्या पुढे सकाळी असा रस्ता सहज मिळतो. मागे कोणी नाही हे शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. थरथर सुरू झाली की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आहे तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतो. आरपीएमचा काटा शंभर-दोनशेने वर गेला आणि त्याच क्षणी थरथर बंद झाली, तर दोष लॉकअपच्या वाटेवरचा आहे. काटा वर गेला पण थरथर तशीच राहिली, तर गिअरबॉक्सकडे बोट दाखवू नका.

बाकीचे संशयितही असेच बाजूला काढता येतात. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर कंप वेगाशी बांधलेला असतो, बहुधा नव्वदच्या पुढे, आणि पाय काढून गाडी वाहू दिली तरी राहतो. इंजिन मिसफायर करत असेल तर जोर दिल्यावर ते वाढतं. लॉकअपची थरथर जोर दिल्यावर जाते. माउंट गेलं असेल तर डी गिअरमध्ये ब्रेक धरून उभं असताना डॅशबोर्ड हलतो. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजला असेल तर जोराने वेग घेताना कंप येतो आणि ब्रेकला स्पर्श केल्याने त्यात काही फरक पडत नाही.

स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडे गेलात तर नुसते बिघाडाचे कोड वाचून घेऊ नका. कोड अनेकदा नसतातच. पी०७४१ आला तर लॉकअप नीट लागत नाही, पी०७४२ आला तर तो सुटत नाही, पी०७४० आला तर वायरिंग किंवा सोलेनॉइडकडे बघायचं. पण थरथरीच्या सुरुवातीला यातलं काहीच दिसत नाही. लाइव्ह डेटामध्ये कन्व्हर्टर स्लिपचा आकडा बघायला सांगा. तो नसेल तर इंजिनचं आरपीएम वजा इनपुट शाफ्टचं आरपीएम. स्थिर सत्तरला हा फरक शून्य ते पन्नासमध्ये शांत राहायला हवा. थरथरताना तो आकडा वरखाली नाचताना दिसला की पुराव्याला दुसरं काही लागत नाही. त्याच वेळी गिअरबॉक्स ऑइलचं तापमान लिहून ठेवा, त्याची पुढे गरज पडेल.

ऑइल बदललं, महिना-दोन महिने बरं होतं, परत तेच

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं वाक्य हेच. अमळनेरच्या बाजूचे एक आबा आले तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले, “भो, दोनदा ऑइल टाकं, तरी गाडी थरथरसच.” दोन्ही वेळा ऑइल चांगलं, बिलंही सोबत आणलेली. तरी त्रास परत येण्याची कारणं त्यांच्या गाडीत एकाला एक जोडून बसली होती.

पहिलं कारण सगळ्यांच्याच बाबतीत असतं. खालचा प्लग उघडला की गिअरबॉक्सचं सगळं ऑइल निघत नाही. सहा स्पीडच्या गिअरबॉक्समध्ये एकूण ऑइल साधारण आठ लिटर धरलं, तर प्लगमधून साडेतीनच्या आसपास येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहतं, आणि कन्व्हर्टरला खाली प्लग नसतो. म्हणजे एकदा बदलल्यावर आत ४४ टक्के नवं आणि ५६ टक्के जुनं. नव्या ऑइलमधल्या मॉडिफायरवर थरथर थोडे दिवस दबते, मग जुन्याची घाण आणि उन्हाळ्याची उष्णता मिळून ते नवंही खाऊन टाकतात. तेच काम मध्ये दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा केलं तर नवं ऑइल ६८ टक्क्यांवर जातं, तिसऱ्यांदा केलं तर ८२ टक्क्यांवर. म्हणून मी सांगतो, एकदाच करायचं असेल तर तो खर्च करू नका. तीनदा करायची तयारी असेल तरच करा. मशीन लावून कूलरच्या लाइनमधून सगळं ऑइल एका दमात बदलण्याची पद्धतही आहे आणि नियमित ऑइल बदललेल्या गाडीला ती चांगली. पण दीड लाख किलोमीटर एकदाही ऑइल न बदललेल्या गाडीला मी मशीन लावत नाही. सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये अडकण्याची भीती असते.

दुसरं कारण ऑइलचा प्रकार. लाल रंगाचं दिसलं म्हणजे एटीएफ झालं असं नाही. टोयोटा डब्ल्यूएस, ह्युंदाई एसपी-४, डेक्स्रॉन ६ हे वेगवेगळे ग्रेड आहेत आणि त्यांतला मुख्य फरक याच फ्रिक्शन मॉडिफायरमध्ये असतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये चालणारं जुनं एटीएफ इथे टाकलं तर गिअर पडतील, गाडी चालेल, पण लॉकअप थरथरेल. सीव्हीटीचं, म्हणजे पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, ऑइल तर अजिबात नको. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड ऑइलच्या डब्यावर छापलेला आहे का, ते स्वतः वाचा आणि डबा समोर फोडायला सांगा.

तिसरं कारण उष्णता, आणि आपल्या खान्देशात ते सगळ्यांत मोठं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा त्रेचाळीस-पंचेचाळीसवर असतो आणि डांबराजवळची हवा त्याहून तापलेली. गिअरबॉक्स ऑइल ८० ते १०० अंशांत राहायला हवं. १२० च्या पुढे ते वेगाने खराब होतं. ढोबळ हिशेब असा की त्यापुढे दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. आता घाटाचा विचार करा. इंजिन ६० किलोवॉट देतंय, लॉकअप सुटलेला आहे आणि कन्व्हर्टर ८० टक्केच पुढे पोचवतोय, तर १२ किलोवॉट नुसती उष्णता त्या ऑइलमध्ये जाते. ती बाहेर काढायचं काम एका छोट्या कूलरचं.

आबांच्या गाडीचा बंपर काढला तेव्हा कूलर दिसतच नव्हता. एसीचा कंडेन्सर, त्यामागचा ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत काळ्या मातीची धूळ, किडे आणि कापसाचे तंतू यांचा नमदा जमला होता. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास, कापसाच्या ट्रॅक्टरमागे ज्यांच्या गाड्या रोज चालतात, त्यांच्याकडे हे हमखास सापडतं. बाहेरून जाळीवर पाणी मारून ते निघत नाही. पुढचा भाग उघडून, मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावं लागतं. जास्त दाब मारला तर फिन दुमडतात आणि हवा कायमची बंद होते. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा हे काम करून घ्या. अवघड काही नाही, पण कोणी करत नाही.

चौथं कारण ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं: बोअरचं पाणी. काही गाड्यांमध्ये ऑइल कूलर रेडिएटरच्या टाकीत किंवा कुलंटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये बसवलेला असतो. कुलंट कमी झालं की लोक बोअरचं जड पाणी ओततात. क्षार जमतात, गंज धरतो, कूलरची उष्णता टाकण्याची ताकद कमी होते आणि एक दिवस आतली भिंत फुटून पाणी ऑइलमध्ये जातं. लॉकअपचं अस्तर कागदी आणि चिकटवलेलं, ते पाणी शोषून फुगतं आणि सुटू लागतं. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं की गाडी तिथेच उभी करा, टो करून न्या. चालवत नेलीत तर गिअरबॉक्समधले बाकीचे क्लचही जातील, कारण तेही याच कागदी अस्तराचे आहेत. पाणी फार थोडं गेलं असेल तर रंग बदलत नाही, नुसती थरथर येते, म्हणून कुलंट वारंवार कमी होतंय का हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट यांचं योग्य मिश्रण सोडून त्या टाकीत काहीही जाऊ नये.

लेव्हलबद्दलही बोललं पाहिजे. नव्या गाड्यांमध्ये डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना चेक प्लग उघडतात आणि जास्तीच्या ऑइलची धार थांबून ते थेंब थेंब गळू लागलं की लेव्हल बरोबर. हे तापमान मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि अनेक गाड्यांत चाळीस अंशांच्या आसपासचं असतं. इथेच आपली अडचण होते. मे महिन्याच्या दुपारी सावलीतली गाडीसुद्धा त्या तापमानावर आधीच पोचलेली असते. ऑइल फुगलेलं असताना लेव्हल लावली तर थंड झाल्यावर ते कमी भरतं, आणि कमी ऑइलमध्ये पंप हवा ओढतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला, गाडी रात्रभर रॅम्पजवळ उभी ठेवून करून घ्या. तापमान स्कॅनरवर बघा, हात लावून अंदाज नको.

“हे ऑइल आयुष्यभराचं, बदलायची गरज नाही,” असं तुम्हाला कुठेतरी सांगितलं जाईल. मॅन्युअलमधला कठीण वापराचा तक्ता उघडून बघा. सततची उष्णता, धूळ, घाट, जड ओझं असं तिथे जे जे लिहिलेलं असतं ते आपल्याकडे रोजचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: इथे चालणाऱ्या गाडीचं ऑइल ५० ते ६० हजार किलोमीटरला बदलावं. त्या वेळी ते लाल-तपकिरी असतं, मॉडिफायर शिल्लक असतात आणि एक-दोन वेळच्या बदलात काम होतं.

घाटात गाडी कशी चालवायची

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, साक्रीच्या पुढे कोंडाईबारीत, शहाद्याहून तोरणमाळला जाताना गाडी डी मध्ये सोडून दिली तर गिअरबॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहतो आणि लॉकअप दर वेळी लागतो-सुटतो. ट्रकच्या मागे अडकलात की मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवा, इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर राहू द्या. पंप जास्त ऑइल फिरवतो, घसरण कमी होते. चढावर थांबल्यावर गाडीला ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. त्या वेळी टर्बाइन थांबलेलं असतं आणि इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. ब्रेक धरा, पुढची गाडी हलली की सोडा. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या.

ऑइलने बरं होण्याच्या पुढे गेलेला कन्व्हर्टर

प्लगमधून निघालेलं ऑइल पांढऱ्या कपड्यावर घ्या. तपकिरी असलं, जळका वास नसला, तर तीनदा बदलल्यावर थरथर जायची आशा चांगली आहे. बदलल्यावर स्कॅनरने गिअरबॉक्सची जुनी लर्निंग व्हॅल्यू पुसून नवीन शिकवायला विसरू नका. नाहीतर कॉम्प्युटर जुन्या, घसरट ऑइलच्या हिशेबाने दाब देत राहतो आणि नव्या ऑइलला धक्के बसतात. ऑइल काळं असलं, जळल्याचा वास येत असला, लोखंडी चुरा धरायला ठेवलेल्या मॅग्नेटवर नेहमीच्या राखाडी लेपाऐवजी काळा, तंतूंचा गाळ असला, तर अस्तर गेलं आहे. नवं ऑइल टाकून अस्तर परत येत नाही.

तेव्हा कन्व्हर्टर नवा टाकायचा किंवा रिकंडिशन करून घ्यायचा. रिकंडिशन म्हणजे डबा लेथवर कापणं, अस्तर, सील आणि बेअरिंग बदलणं, परत वेल्डिंग, लीक टेस्ट आणि बॅलन्सिंग. हे नेहमीच्या लेथवाल्याकडून करून घेऊ नका. तिरका वेल्ड झालेला डबा गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाचं बुशिंग खातो. आणि कूलर व त्याच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवू देऊ नका. जुन्या अस्तराचा चुरा तिथेच बसलेला असतो, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो नव्या कन्व्हर्टरमध्ये पोचतो.

बसवताना एक चूक सगळ्यांत महागात पडते. कन्व्हर्टर आधी ऑइल घालून, फिरवत फिरवत इनपुट शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि पंप अशा तीन ठिकाणी बसल्याची खात्री करावी लागते. गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपासून काही मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. ते अंतर दिसत नसेल आणि कोणी बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेत असेल, तर तिथेच थांबवा. पंप इंजिन सुरू व्हायच्या आधीच फुटलेला असेल.

थरथरीशिवायच्या खुणा थोडक्यात सांगतो. सिग्नलला थांबताना मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यागत इंजिन बंद पडत असेल तर लॉकअप सुटत नाही. उठाव एकदम गेला पण ऐंशीच्या पुढे गाडी छान पळते, तर स्टेटरचा वन-वे क्लच दोन्हीकडे फिरतोय. उलट उठाव चांगला पण हायवेवर गाडी वेग घेत नाही आणि ऑइल तापतं, तर स्टेटर जाम आहे. सकाळी डी टाकल्यावर दोन-चार सेकंद गाडी हलतच नाही आणि दिवसभर मग ठीक, तर रात्रीतून कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक घट्ट दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन इंजिनचं आरपीएम बघणं, यातल्या काहींचा उलगडा करते, पण पूर्ण रेस पाच सेकंदांच्या वर देऊ नये, चाकांना लाकडी उटी लावलेली असावी, पुढे माणूस उभा नसावा आणि नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटभर चालू ठेवून ऑइल थंड होऊ द्यावं. घरी करायची ही गोष्ट नाही.

काम झाल्यावर गाडी संध्याकाळच्या थंड्या वाऱ्यात दोन चकरा मारून ताब्यात घेऊ नका. त्या वेळी बिघडलेली गाडीसुद्धा गुणाने चालते. दुपारी दोन-तीनला, एसी चालू, चार माणसं बसवून, स्कॅनर लावून किमान तीस-चाळीस किलोमीटर हायवेला चालवा. सत्तरला दहा मिनिटं स्थिर ठेवा. स्लिपचा आकडा पन्नासच्या आत शांत असेल आणि ऑइलचं तापमान शंभरच्या आसपास येऊन तिथेच थांबत असेल, तर बिल द्या. तापमान चढतच राहिलं तर थरथर आज नसली तरी कूलरचं काम बाकी आहे. गाडी तशीच परत रॅम्पवर घ्यायला सांगा.